गार्लंड आजोबांचं पान

ड्रायर थांबला तरी त्याची घरघर बेसमेंटमध्ये अंमळ रेंगाळली; कीर्तन संपल्यावर झांज कानांत राहते तशी. उल्काताई जुन्या सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. छताजवळच्या अरुंद खिडकीतून एप्रिलचं ऊन खाली उतरत होतं आणि बाहेर ड्राइव्हवेच्या कडेचा काळपट बर्फ ठिबकत होता. त्या ठिबकण्याला ठेका होता. ठेका सापडला की उल्काताईंना धड झोप यायची नाही आणि धड जागही राहायची नाही. मुलगा ऋषी गेल्यापासून त्या मधल्या पायरीवरच त्यांचा बराच वेळ जायचा. तिथे गेलेले आणि असलेले सगळे एकाच सतरंजीवर बसायचे, आणि कुणी कुणाला 'तू कुठला' म्हणून विचारायचं नाही.

"आई, झोपलात?"

"नाही गं. ऐकत होते."

"काय?"

"तुझा ड्रायर. त्रिताल म्हणतो."

एरवी त्यांची सून हेदर यावर हसली असती. आज नाही हसली. ती इस्त्री करत होती. ऋषीचं उपरणं. परवा रविवारी त्याचा मुलगा शौनक तेच पांघरून नांदीश्राद्धाला बसणार होता. लग्नाच्या सकाळी पूर्वजांना नावानं हाक मारायची, 'या, तुमच्या घरी कार्य आहे' म्हणायचं. वडील नसलेल्या नवऱ्या मुलानं ते स्वतः करायचं, आणि वडिलांकडच्या तीन पिढ्यांबरोबर आईच्या वडिलांकडच्याही तीन बोलवायच्या. म्हणजे जोशांच्या पंगतीत पिल्चरांची पानं. हेदरचे वडील वॉल्टर, त्यांचे वडील आर्थर, आणि आर्थरचे वडील.

त्या शेवटच्या नावाची या घरात एक गंमत झाली होती.

चार वर्षांपूर्वी, ऋषी गेल्यानंतरच्या पहिल्या सर्वपित्रीला, उल्काताईंनी पानं वाढताना सुनेकडच्यांचीही मांडली होती. आर्थरचा एक फोटो होता, त्याच्या मागे पूर्ण नाव: आर्थर गार्लंड पिल्चर. उल्काताईंनी ते वाचलं आणि वडिलांचं नाव मिळालं म्हणून गार्लंड आजोबांचं पान मांडलं. पहिलं नाव स्वतःचं, मधलं बापाचं, शेवटचं घराण्याचं. यात विचारायचं काय? हेदरनं पाहिलं आणि पानांसमोरच ती हसत सुटली. "आई, इंग्लिश लोकांचं मधलं नाव म्हणजे वडिलांचं नसतं! कुठलंही असतं!" नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती, म्हणून उल्काताईंनी ती चूक दुरुस्त केली नाही. दर वर्षी गार्लंड आजोबांना पान गेलं. खीर, वडे, आणि इंग्रज माणूस म्हणून तिखट बेतानं.

"आई," हेदरनं इस्त्री उभी केली, "गार्लंड खरा निघाला."

"म्हणजे?"

"मी ते डीएनए टेस्ट केलेलं ना, ट्यूबमध्ये थुंकून पाठवायचं? तीन लोक जुळले. तिघं इंग्लंडचे, केंटचे. तिघांच्या घराण्यात गार्लंड." तिचं मराठी पस्तीस वर्षांत चांगलं रुळलं होतं, पण मन हललं की वाक्यं आखूड व्हायची. "आर्थरची आई ईडिथ. पिल्चर तिचंच आडनाव. तिचं लग्न झालं नव्हतं. अशा बायका कधी कधी असं करायच्या. बाप नाव देत नाही ना, मग त्याचं आडनाव बाळाच्या नावात मध्ये घालायच्या. लपवून, पण सगळ्यांसमोर."

उल्काताईंच्या अंगावर काटा आला. "म्हणजे माझं पान पोचत होतं!"

"हो. पोचत होतं." हेदरचा आवाज कोरडा झाला. "तुम्हाला माहितीय तो कोण होता? बेकर. रॅम्सगेटमध्ये. ईडिथच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आर्थरला तिथल्या एका अनाथ मुलांच्या संस्थेत टाकलं, अकरा वर्षांचा असताना बोटीत घालून इकडे कॅनडात शेतावर कामाला पाठवलं, रेनफ्रूला गोठ्यात झोपवलं. आणि हा माणूस दोन गल्ल्या पलीकडे पाव भाजत होता. लग्न केलं, पाच मुलं. म्हातारा होऊन मेला. पोराला कधी एक पाव दिला नाही."

"असं कसं सांगता येईल? दिलाही असेल."

"आई." हेदरनं उपरण्याची घडी घातली, कडेला कडा जुळवून. "रविवारी त्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलंत तर मी वर किचनमध्ये बसेन. मी तुमच्यावर रागवणार नाही. पण मी तिथे बसणार नाही."

ती वर गेली. जिन्यावर तिचे मोजे घातलेले पाय वाजले नाहीत, आणि तेच उल्काताईंना लागलं. दाणदाण गेली असती तर बरं वाटलं असतं.

मुलाच्या नांदीला मुलाची आई नाही! वडील नाहीतच, आईही नाही. आणि ती या घरातून अशी चोरपावलांनी एकदा वर गेली की खाली येईल का, हा खरा धाक होता. ऋषी होता तोवर हेदर सून होती. आता ती कोण होती? कुठल्या नात्यानं तिनं सासूजवळ राहायचं?

*

संध्याकाळी दादासाहेब आले. उल्काताईंचे थोरले दीर, कॅनडाच्या पश्चिम टोकाहून, सरेहून विमानानं. आल्या आल्या त्यांनी विमानातल्या सँडविचचा उद्धार केला, टोपी काढली आणि चहा मागितला. पाठोपाठ मिलिंद आला. आठवडाभर तो शहराबाहेरच्या कनाटाच्या एका टेलिकॉम कंपनीत असायचा आणि शनिवार-रविवार अख्ख्या ऑटवाचा गुरुजी. त्याला नावं हवी होती.

"आपली तीन मी सांगतो," दादासाहेब म्हणाले. "सुनेकडची राहू देत. अमुक-तमुक म्हणून हात जोडायचे. रेनफ्रूचे शेतकरी संस्कृतात बसवायचे म्हणजे गणपतीला टाय लावण्यासारखं आहे."

"भावोजी, टाय लावूनच गेलात ना जन्मभर ऑफिसात? देवाला चाललं ते."

मिलिंद हसू दाबत लॅपटॉपकडे पाहू लागला.

"आजी, कॅन वी जस्ट कीप इट शॉर्ट?" शौनक फ्रीजमधून डोकं न काढता म्हणाला. "लग्नाला श्रावणीचे लोक मॉन्ट्रियलहून दहाला निघणार. हॉल बाराला."

"तुझे लोक त्याच्याही आधी निघालेत," उल्काताई म्हणाल्या. "त्यांना घाई नाही."

हेदर सिंककडे तोंड करून उभी होती. ती वळली आणि तिनं दादासाहेबांना सगळं सांगितलं. ईडिथ, बेकर, दोन गल्ल्या. ऑटवाच्या जुन्या कागदपत्रांच्या अर्काइव्ह्जमध्ये गेली दोन वर्षं ती आठवड्यातून एकदा जाऊन बसत होती, तिथल्यासारख्याच शांत आवाजात बोलली.

उल्काताईंना वाटलं, आता दादासाहेब म्हणतील, 'बघा, म्हणून म्हणत होतो.' पण दादासाहेबांनी कप खाली ठेवला.

"पोर टाकून गेला आणि त्याला आम्ही आवाहन करायचं?" ते म्हणाले. "माझ्या धाकट्या भावाच्या, नंदकुमारच्या शेजारी बसवायचं? उल्का, सून बरोबर बोलतेय."

"थँक यू, काका," हेदर म्हणाली.

"यू आर वेलकम. थोडं आलं घाल पुढच्या वेळी चहात."

म्हणजे आता उल्काताई एकट्या पडल्या. चार वर्षं ज्याला जेवू घातलं त्याला असं दारातून परत पाठवायचं? त्यांचे वडील कीर्तनकार. शेवटच्या दिवशी शेवटचा पापीसुद्धा देवानं पदराखाली घेतला, हे ऐकत त्या वाढलेल्या. देव क्षमा करतो आणि आपण एक पान आखडतो?

"उद्या दुपारी माझं कीर्तन आहे ना," त्या म्हणाल्या, "त्यात आख्यान ईडिथचं लावते. ते ऐक, हेदर, आणि मग ठरव. इतकंच कर."

हेदरनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही मला गुंडाळणार."

"प्रयत्न करणार," उल्काताई म्हणाल्या.

*

शनिवारी दुपारी बेसमेंट भरलं. योगा मॅट, फोल्डिंगच्या खुर्च्या, बाळांचे स्नोबूट एका रांगेत. दादासाहेब पेटीवर, त्यांची बोटं काळ्या पट्ट्यांना घाबरायची, म्हणून सगळं कीर्तन पांढरीतून लावलं होतं. शौनक तबल्यावर. हेदर भिंतीला टेकून, अगदी मागे, जिन्याजवळ.

पूर्वरंग नेहमीचा झाला. नामाचा महिमा. नाव घेतलं की नावाचा धनी हजर होतो, दूर असो, गेलेला असो. म्हणून नाव सांभाळून घ्यावं. मध्यंतरात एकमेकांना बुक्का लावला, चहा फिरला. मग उल्काताईंनी झांज हातात घेतली, डोळे मिटले, आणि समुद्राचा वास आला.

"ऐका, श्रोतेहो. ही कथा वैकुंठातली नाही. विलायतेतल्या एका समुद्रकाठच्या गावातली आहे. तिथे एक मोठा धोबीघाट. पण आपल्यासारखा नदीवर नव्हे, घरात. सोमवारी कपडे वेगळे करायचे, मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात उकळायचे. इतकी वाफ, की शेजारचीचं तोंड दिसू नये. जमीन ओली. दिवसभर उभं राहायचं. आणि शेवटच्या पाण्यात काय घालायचे?"

"नीळ," पुढच्या रांगेतल्या एक काकू नकळत बोलल्या.

"नीळ! आपल्या आयांची नीळ. आणि मग खळ. आणि मग चुलीवर तापवलेली इस्त्री. ती गालाजवळ धरून बघायची, किती तापली. तिकडे साहेबांच्या कॉलरी अशा कडक, की उभ्या राहाव्यात. आणि ज्या हातांनी त्या कडक केल्या ते हात कसे?"

त्यांनी चाल धरली. शब्द आदल्या रात्री जेवताना सुचले होते.

"हात निळे, बाई, हात निळे,
दुज्याचे पांढरे शुभ्र केले..."

शौनकनं अलगद ठेका उचलला. दोन-तीन जणांनी धरलंही. उल्काताईंना ईडिथ दिसत होती. वाफेतून बाहेर येणारी, बावीस-तेवीसची, ओठांवर घाम, एप्रनच्या खिशात पावाचा तुकडा, त्यावर मांसाची थिजलेली चरबी लावलेली. ती दमलेली होती पण हसत होती. ती चालत चालत या बेसमेंटपर्यंत आली आणि कोपऱ्यातल्या वॉशिंग मशीनवर हात ठेवून उभी राहिली, जसं कुणी नव्या सुनेच्या गालावरून हात फिरवावा.

"आणि एके दिवशी तिला वाटलं, की—"

"आई," मागून हेदर म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. "तिला काय वाटलं ते आपल्याला माहीत नाही. ती काय खात होती ते कळतं. किती वाजता उठायची ते कळतं. काय वाटलं, ते नाही कळत."

कीर्तनात असं कुणी बोलत नाही. पेटीचा भाता हळूच बसला.

"बरोबर," उल्काताई म्हणाल्या. "कीर्तनकाराची खोड. मागे घेते." आणि त्या पुढे निघाल्या, जपून, बर्फावर पाय टाकावा तशा. बाळ झालं ते सांगितलं. कडेवर बाळ घेऊन कुणी कामावर ठेवत नाही ते सांगितलं. मग संस्था, मग बोट. छातीवर नंबर, हातात एक लाकडी पेटी, आणि कॅनडाच्या शेतावरची पहिली थंडी. कुणीतरी नाक शिंकरलं.

आता बेकरची पाळी होती. आख्यान कुठे न्यायचं ते उल्काताईंना पाठ होतं. म्हाताऱ्या बेकरला पश्चात्ताप होणार, तो भट्टीसमोर बसून रडणार, देव त्याला पदरात घेणार, आणि सगळे टाळ्यांच्या गजरात उठणार. वडिलांनी असे शेकडो बेकर तारले होते.

त्यांनी झांज उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

कारण भट्टीसमोर कुणी रडत बसलेलं त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून पाहिलं, पुन्हा पाहिलं. दिसत होती ती ईडिथच, वॉशिंग मशीनवर हात ठेवलेली, आणि ती उल्काताईंकडे पाहत होती. पाहुणीनं यजमानिणीकडे पाहावं तसं. बसू का, की निघू? आणि उल्काताईंच्या ध्यानात आलं, की चार वर्षं या बाईच्या समोर त्यांनी त्याचं पान वाढलं होतं. तिचं एकदाही नाही. पिल्चरांची पानं म्हणजे पुरुषांची पानं. ती बिचारी कुणाच्या तरी नावामागे 'आणि पत्नी' म्हणूनही बसू शकत नव्हती. तिला कुठेच जागा नव्हती.

"श्रोतेहो," त्या म्हणाल्या, "पुढचं मला ठाऊक नाही. हेदर, तू सांग. पुढे काय झालं?"

हेदर उठली नाही. "तिनं त्याला शोधलं," ती भिंतीला टेकूनच म्हणाली. "आर्थरला. संस्थेच्या लोकांना विचारत राहिली, मुलगा कुठे आहे. त्यांनी सांगितलं नाही. कधीच नाही. ती त्याच लाँड्रीत मरेपर्यंत काम करत होती. दॅट्स ऑल. आख्यान संपलं, आई."

आरती झाली. पण टाळ्या कुणी नीट वाजवल्या नाहीत. सगळे हात जरा जड झाले होते.

लोक पांगल्यावर उल्काताई हेदरजवळ, जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसल्या.

"गुंडाळता नाही आलं मला."

"आय नो. मी बघितलं."

"त्याचं नाव उद्या नाही. पण जेवू घातलेल्याला मी अगदी तोडणार नाही हं. सर्वपित्रीला ज्यांचं कुणी नाव घेत नाही, त्या सगळ्यांसाठी एक पान असतं अंगणात. त्यात तो बसेल. बाहेर. गर्दीत."

हेदरनं विचार केला. "बाहेर चालेल," ती म्हणाली. "अंगणात थंडी असते सप्टेंबरला."

"असू दे थोडी."

मग दोघी हसल्या, एकमेकींकडे न बघता.

"आणि तिसऱ्या जागी?" हेदरनं विचारलं. "तिथे रिकामं ठेवणार मिलिंद?"

"तिसऱ्या जागी ती."

*

रविवारी सकाळी दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावून पाट मांडले. शौनक उपरणं पांघरून बसला. अंगानं बापासारखाच, फक्त कानात एक बारीक बाळी. हेदर त्याच्या उजव्या हाताला, ऋषीनं घेतलेल्या जांभळ्या नऊवारीत, जी तिला अजूनही नीट सावरता येत नव्हती. मिलिंदनं दूर्वा, जव, अक्षता मांडल्या. या श्राद्धात तीळ नाहीत, रडणं नाही; हे आनंदाचं श्राद्ध.

जोशांकडची नावं झाली. 'नंदकुमार' आलं तेव्हा दादासाहेबांनी घसा खाकरला. 'ऋषी' आलं तेव्हा हेदरनं शौनकच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मग आईकडची. वॉल्टर. आर्थर. मिलिंदची जीभ त्या नावांवरून सराईतासारखी गेली. जन्मभर इंग्रजी ईमेलं लिहिलेला माणूस.

"आता तिसरं," मिलिंद म्हणाला आणि थांबला. "काकू, इथे खरं तर पुरुषाचं नाव येतं."

"आईच्या नावानं ओळखले गेलेले ऋषी आहेत आपल्याकडे," दादासाहेब डोळे न उघडता म्हणाले. "चालू द्या, गुरुजी. हॉल बाराचा आहे."

"हो, हो. ईडिथ." मिलिंदनं पळीत पाणी घेतलं. "आणि गोत्र? माहीत नसेल तर काश्यप लावतात. ज्यांना कुणाचं नाही, त्यांचं काश्यप. वॉल्टर, आर्थरला तेच लावलं मी."

ज्यांना कुणाचं नाही. हेदरचा चेहरा बदलला नाही. पण शौनकच्या पाठीवरचा तिचा हात आक्रसला, आणि पलीकडच्या पाटावरून उल्काताईंना तो दिसला.

"कौंडिण्य लाव," त्या म्हणाल्या. "तिघांनाही."

"कौंडिण्य कुणाचं, काकू?"

"माझ्या वडिलांचं."

दादासाहेबांनी डोळे उघडले. बोटांवर काहीतरी मोजलं. "अगं, पण मग ती तुझ्या घरची झाली. म्हणजे आर्थर तुझ्याकडचा, वॉल्टर तुझ्याकडचा. म्हणजे आमच्या ऋषीनं मामाच्या घरातली मुलगी केली!"

"केली. चालते आपल्यात."

"चालते," दादासाहेबांना कबूल करावं लागलं. "देशस्थांत तर आवडीनं करतात."

"व्हॉट इज हॅपनिंग?" शौनक ओंजळ धरून तसाच बसला होता, पाणी बोटांतून गळत होतं. "आजी, आर वी गुड?"

"एक मिनिट," हेदर म्हणाली. ती सासूकडे वळली. पदर खांद्यावरून घसरला तो तिनं तसाच हातात धरला. "आई, तुम्ही तिला आत्ता काय दिलंत?"

बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं. मिलिंद पळी हातात धरून थांबला होता. हे सगळं मंत्रात कुठे बसवायचं, हे त्याचं त्यालाच बघायचं होतं.

"माहेर," उल्काताई म्हणाल्या.

हेदरला अर्थ विचारावा लागला नाही. इतक्या वर्षांत तो शब्द तिनं या घरातल्या प्रत्येक बाईच्या तोंडून ऐकला होता, आणि ऐकताना दर वेळी उठून चहा टाकायला गेली होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "पुन्हा विचारा ना."

मिलिंदनं विचारलं. नाव? गोत्र? आणि शौनकनं सांगायच्या आधी हेदरनंच सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर उच्चारून. आणि मुलाच्या ओंजळीवर तिनं पाणी घातलं.